सुई, साखर आणि मुलांचे मन

इतिहास म्हटला की आपल्या या तीन गावांतल्या माणसाला निरनिराळ्या गोष्टी आठवतात. अंबरनाथकरांना शके ९८२ मधले शिवमंदिर आठवते. उल्हासनगरच्या जुन्या मंडळींना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकी आठवतात आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला मिळालेले नवे नाव आठवते. बदलापूरकर उल्हास नदीचे आणि आपल्या जांभळांचे कौतुक सांगतात. त्या विषयांवर जाणत्यांनी लिहावे. मी ज्या इतिहासाविषयी चार शब्द लिहिणार आहे, त्याचा शिलालेख कोठेही नाही. दप्तराच्या आतल्या कप्प्यात दडवलेली औषधाची डबी, शाळेच्या संडासात कडी लावून टोचून घेतलेली सुई, वाढदिवसाला मिळालेले आणि मैत्रिणीच्या हातात गुपचूप सरकवलेले चॉकलेट, अशा गोष्टींतून तो वाचावा लागतो. मधुमेह झालेल्या मुलांचे मन हा माझा विषय आहे.

थोरांचा मधुमेह आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मुलांचा मधुमेह बहुधा निराळा असतो. त्याला डॉक्टर टाइप १ म्हणतात. शरीराची रक्षणशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. मग ते इन्शुलिन बाहेरून टोचून घ्यावे लागते, तेही जन्मभर. जास्त गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, आणि आईने काही कमी केले म्हणूनही होत नाही. हे वाक्य भगिनींनी दोनदा वाचावे, कारण पुढच्या पुष्कळ दुःखाचे मूळ ते न समजण्यात आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात वीस वर्षांखालील अशी सुमारे २,२९,००० मुले होती. जगात कोणत्याही एका देशातली ही सर्वांत मोठी संख्या होय. तेव्हा ही मुले आपल्या आळीत, आपल्या इमारतीत, आपल्या लोकलच्या डब्यात असणारच.

आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांना हा भेद अगदीच अपरिचित नव्हता. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मजात दोषाने होणारा, ज्याचा रोगी कृश असतो. दुसरा अपथ्याने होणारा, ज्याचा रोगी स्थूल असतो. परंतु ओळख पटली तरी पहिल्या प्रकारावर इलाज कोणापाशीच नव्हता. पुढे कित्येक शतके जगभर हीच स्थिती राहिली. हसते-खेळते मूल एकाएकी फार पाणी पिऊ लागे, रात्री अंथरूण ओले करी, वाळत जाई आणि काही महिन्यांत डोळे मिटी.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी उपासाचा उपचार प्रचारात आणला. अन्न कमी केले की रक्तातली साखर कमी राहते आणि मूल आणखी थोडे दिवस जगते, एवढाच त्याचा हिशेब. त्यांच्याच नोंदीत एका बारा वर्षांच्या अंध मुलाची हकीगत आहे. त्याला इतके थोडे अन्न मिळे, तरी लघवीत साखर येतच राही. चौकशीअंती कळले की तो दात घासायची पेस्ट आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे दाणे चोरून खात होता. त्या काळच्या शिस्तीप्रमाणे ही लबाडी ठरली, आणि त्याचे अन्न आणखी कमी झाले. ते पोर अखेर उपासानेच गेले. मला ही हकीगत वाचल्यापासून विसरता आलेली नाही. भुकेने आणि भीतीने केलेल्या गोष्टीला थोरांनी लबाडीचे नाव दिल्याचे हे जुने उदाहरण आहे, आणि असे नाव देणे आजही थांबलेले नाही.

मग १९२१ साली कॅनडात टोरांटो येथे डॉ. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क वेगळा काढला. तो शुद्ध करण्याचे काम कॉलिप यांनी केले. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिली सुई टोचण्यात आली. ती साधली नाही. २३ जानेवारीला अधिक शुद्ध केलेला अर्क टोचला आणि मरणाच्या दारातला मुलगा सावरू लागला. संशोधकांनी प्रत्येकी अवघा एक डॉलर घेऊन आपला हक्क विद्यापीठाच्या स्वाधीन केला. त्याच वर्षी टेडी रायडर नावाच्या पाच वर्षांच्या मुलाला हे औषध मिळाले. पुढे त्याने डॉ. बँटिंगना पत्र लिहून कळवले की आता मी चांगला जाडा झालो आहे आणि मला झाडावर चढता येते. आपले रक्त किती सुधारले, हे त्याने लिहिले नाही. झाडावर चढता येते, हे लिहिले. मुलाच्या लेखी बरे होणे म्हणजे काय, ते यावरून कळते.

येथे कथा संपली असती तर किती बरे झाले असते! परंतु त्याच १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरांटोला आणखी एक मुलगी आली होती. तिचे नाव एलिझाबेथ ह्यूज. वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. पंधरावे वर्ष पुरे होत आलेले आणि वजन जेमतेम वीस किलो. तीन वर्षे तिने उपासाचा तो उपचार सोसला होता. इन्शुलिनने ती उभी राहिली, शिकली, तिने लग्न केले, तिला तीन मुले झाली आणि १९८१ पर्यंत ती जगली. तिने आयुष्यात सुमारे बेचाळीस हजार सुया टोचून घेतल्या असाव्यात, असा हिशेब सांगतात. पण या बाईने आपला आजार जवळच्या मोजक्या माणसांखेरीज कोणालाही कळू दिला नाही. पैसा, मान, शिक्षण, उत्तम डॉक्टर, सारे काही असताना! लोक आपल्याकडे आजारी म्हणून पाहतील, ही धास्ती तिने जन्मभर वागवली असावी असे मला वाटते. इन्शुलिनने रक्तातली साखर उतरते. ही धास्ती त्याने उतरत नाही.

त्याच काळात दुसरी वाटही निघत होती. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांना ऐन तारुण्यात हा आजार झाला. घरच्यांच्या डोळ्यांदेखत मरण येऊ नये म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले होते. १९२३ साली इन्शुलिन मिळाल्याचे कळताच ते परतले, आणि पुढे त्यांनी आपला आजार लपवण्याऐवजी त्याच आजाराच्या रोग्यांसाठी आयुष्य वेचले. प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स हेही मधुमेही. या दोघांनी मिळून १९३४ साली रोग्यांची संघटना काढली. इकडे अमेरिकेत मिशिगनमध्ये १९२५ सालीच डॉ. लिओनार्ड वेंट यांनी मधुमेही मुलांचे उन्हाळी शिबिर भरवले होते. शिबिराचे मर्म अगदी साधे आहे. ज्या मुलाला जगात आपण एकटेच असे वाटते, त्याला सकाळच्या रांगेत सुई घेणारी बरोबरीची पुष्कळ मुले दिसतात. मग लपवायचे कोणापासून? डॉक्टरांना शंभर वेळा सांगून जे साधत नाही, ते शेजारच्या खाटेवरच्या मुलाने सहज हात पुढे केल्याने साधते.

आता आपल्या मुंबई इलाख्याकडे येऊ. १९५५ साली डॉ. शां. शि. आजगावकर यांच्या पुढाकाराने मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. त्या काळच्या घरातला हा आजार कसा होता, ते जुन्या भगिनींना आठवत असेल. काचेची पिचकारी आणि पोलादी सुई रोज पातेल्यात उकळायची. सुई बोथट झाली की दगडावर घासायची. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचे. रंग निळाच राहिला तर ठीक. हिरवा, पिवळा, नारिंगी होत विटकरी झाला, तर घरातल्या सर्वांचे चेहरे उतरायचे. म्हणजे मुलाने दिवसभर काय केले, याचा निकाल रोज एका नळीच्या रंगावरून लागे, आणि तो सर्वांसमक्ष लागे. इन्शुलिन तेव्हा गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत; शाकाहारी घरांतल्या आजी-आजोबांना ते पचवणे जड जाई. १९८२ पासून मानवी इन्शुलिन बाजारात आले आणि तो प्रश्न मिटत गेला. शीतपेटी नसलेल्या घरी बाटली ओल्या माठाच्या गारव्यात ठेवत. आपल्याकडे भारनियमनाच्या वर्षांत, दिवसाचे तासन् तास वीज नसे तेव्हा, शीतपेटी असलेल्या घरांनीही माठाचाच आसरा घेतला होता.

पुढे घरच्या घरी बोटाच्या थेंबावर साखर सांगणारे यंत्र आले. १९९३ साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १४४१ रोग्यांना कित्येक वर्षे तपासून असे दिसले, की साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांची हानी पुष्कळ टळते. हा शोध मोठा उपकारक आहे, यात शंका नाही. परंतु त्याची एक बाजू घरातल्या माणसांनीच पाहिली. आकडा मिळू लागला, तसा आकड्यावरून दिवस चांगला की वाईट ते ठरू लागले. "किती आली?" हा मुलाशी बोलण्याचा पहिला प्रश्न झाला. जुन्या नळीच्या रंगाची जागा यंत्रातल्या अंकाने घेतली, आणि मूल मात्र होते तेथेच, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

दिवसाला चार सुया धरल्या तर वर्षाच्या १४६० होतात. आठव्या वर्षी आजार झालेले मूल अठराव्या वर्षापर्यंत चौदा हजारांवर सुया घेते. बोटाला टोचणे वेगळेच. शिवाय यात एका दिवसाचीही रजा नाही. दिवाळीला नाही, परीक्षेला नाही, ताप आला तरी नाही. या अखंड पहाऱ्याचा मनाला एक शीण येतो. आता डॉक्टर त्याला निराळे नाव देतात आणि तो नुसत्या उदासीपासून वेगळा ओळखतात. तेरा-चौदाव्या वर्षी त्यात भर पडते. वयात येताना शरीरात जी द्रव्ये वाढतात, त्यांच्यामुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि नियम पाळूनही साखर चढते. आपण म्हणतो, "पोरगी ऐकत नाही." पुष्कळदा पोरगी ऐकत असते, शरीर ऐकत नसते.

मी या भागातल्या शाळांतून बत्तीस वर्षे शिकवले. त्या काळात अशी पाच-सहा मुले माझ्या पाहण्यात आली. नावे सांगण्याचे कारण नाही. एक मुलगा आईबरोबर पहाटेच्या लोकलने परळच्या रुग्णालयात जाई आणि शाळेत "मामाकडे गेलो होतो" असे सांगे. एक मुलगी सहलीला कधीच आली नाही. पैशाचे कारण सांगे, पण खरे कारण डब्यातली पिचकारी होती. दुसरी एक हुशार मुलगी दहावीच्या वर्षी मुद्दामच सुई चुकवू लागली, कारण सुई चुकवली की वजन उतरते असे तिला कळले होते. तिला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले तेव्हा कोठे घरच्यांना ते समजले. तिच्या वहीत साखरेचे आकडे रोज नीट मांडलेले होते, आणि ते सारे बनावट होते. तिला लबाड म्हणणारे पुष्कळ निघाले. मला त्या वेळी पक्ष्याचे दाणे खाणारा तो अंध मुलगा आठवला. आकडा वाईट आला की रागावणे येणार, हे ज्याला ठाऊक आहे ते मूल चांगला आकडा लिहिणारच.

आपल्या चालीरीतींचाही यात वाटा आहे. आपण प्रेम गोडाने करतो. संक्रांतीचा तिळगूळ, दिवाळीचे फराळाचे ताट, उल्हासनगरच्या सिंधी शेजारणीने आणलेली मिठाई, शाळेतल्या वाढदिवसाचे चॉकलेट. मूल "नको" म्हणाले की आपण विचारतो, "का ग?" आणि चारचौघांत तिला उत्तर द्यावे लागते. वस्तुतः इन्शुलिनचा हिशेब नीट बसवला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने अशा मुलांना थोडे गोड खाताही येते. म्हणून "अगं, तुला चालत नाही ना!" असे सर्वांदेखत ओरडून तिच्या हातातली करंजी काढून घेणे हे पथ्य नव्हे, तो अपमान आहे.

दुसरा त्रास सल्ल्यांचा. जांभळाचा हंगाम आला की बदलापूरकडे कोणी ना कोणी आईला सांगतेच, की बियांची पूड द्या आणि सुया बंद करा. आपल्या जांभळांची गोडी मला प्रिय आहे, पण टाइप १ च्या मुलाचे इन्शुलिन बंद केले तर ते थोड्या दिवसांत बेशुद्ध होऊन दगावू शकते. कोणतीही पूड, काढा वा अंगारा इन्शुलिनची जागा घेत नाही. आणि असा सल्ला न ऐकणाऱ्या आईला "हिला पोराची पर्वा नाही" असे ऐकावे लागते, ते वेगळेच.

तिसरा आणि सर्वांत खोल त्रास मुलींचा. "कोणाला बोलू नका, पुढे लग्न जमायचे नाही," हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, तेही अकरा वर्षांच्या मुलीच्या समोर. तिने त्यातून काय घ्यावे? आपल्यात काही लाजिरवाणे आहे, एवढेच ती घेते. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी ड्रीम ट्रस्ट ही संस्था काढली आणि गरीब घरच्या टाइप १ च्या मुलांना इन्शुलिन पुरवताना मुलींकडे मुद्दाम अधिक लक्ष दिले. कारण पैसा अपुरा असला की औषध आधी मुलीचे बंद होते, हे त्यांनी पाहिले होते. छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांच्या 'उडान' संस्थेने अशा मुलांना एकत्र आणण्याचे काम चालवले. १९२५ च्या शिबिरातली ती साधी कल्पना अशी आपल्या महाराष्ट्रात रुजली.

शासनदरबारीही उशिरा का होईना, दखल घेतली गेली. २०१७ साली केंद्रीय शिक्षण मंडळाने मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीत खाण्याचे पदार्थ आणि साखरेच्या गोळ्या नेण्याची मुभा दिली. २०२२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने टाइप १ साठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. २०२३ साली राष्ट्रीय बालहक्क आयोगाने राज्यांना पत्र लिहून, अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, सुई घेऊ द्यावी आणि मधल्या वेळी खाऊ द्यावे, असे कळवले. या सर्व गोष्टी कागदावर आल्या. कागदावरून वर्गात, जिन्यात आणि आपल्या हळदीकुंकवात त्या आणणे हे काम मात्र कोणत्याही आयोगाला जमणार नाही. ते आपले आहे.

भगिनींनो, म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. अशा मुलाला भेटलात तर आधी अभ्यास, खेळ, मैत्रिणी यांविषयी विचारा. साखरेचे विचारायला घरात माणसे आहेत. आकडा वाढलेला दिसला तर "काय खाल्लेस?" असे न विचारता "आता काय करू या?" असे विचारावे. सुई घेताना कोणी दिसले तर टक लावून पाहू नये आणि हळहळूही नये. मूल एकाएकी घामाघूम झाले, थरथरू लागले, विनाकारण चिडले वा रडू लागले, तर तो हट्ट नसून साखर उतरल्याची खूण असू शकते. शुद्धीत असेल तर लहान तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि एखादे मूल आठवडेच्या आठवडे गप्प राहत असेल, खेळ सोडत असेल, सुया चुकवत असेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर ते वयाचे खूळ म्हणून सोडू नये. डॉक्टरांना सांगावे आणि मनोविकारतज्ज्ञाची मदत घ्यावी. शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनीसेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर पैसे न पडता बोलता येते.

त्या आईलाही विसरू नये. रात्री दोन वाजता उठून मुलाच्या बोटाला टोचणारी, वर्षानुवर्षे सलग झोप न मिळालेली बाई आपल्यातच बसलेली असते. तिच्या मुलाची सुई कशी द्यायची, हे शेजारच्या एखादीने शिकून घेतले, तर तिला एखाद्या लग्नाला किंवा नुसते नाटकाला जाता येईल. पूर्वी बराकीत आणि चाळीत कोणाच्या घरातले काहीच लपून राहत नसे, आणि त्याचा जाच होई. पण त्याच उघड्या दारातून शेजारीण धावूनही येई. आता दारे बंद झाली आहेत. आजार लपवणे सोपे झाले आहे आणि मदत मिळणे अवघड.

शंभर वर्षांपूर्वी टोरांटोत मुलांचा जीव वाचला तो थोड्या डॉक्टरांच्या हुशारीने. त्यांचे मन वाचवायला हुशारी लागत नाही. आपल्या नजरेत थोडा बदल लागतो. मंडळाच्या पुढच्या सहलीला अशी एखादी मुलगी यावी. दुपारी सर्वांबरोबर पंगतीला बसून, कोपरा न शोधता तिने आपली सुई घ्यावी, आणि शेजारी बसलेल्या बाईंनी तिच्याकडे न पाहता कोशिंबीर पुढे सरकवून म्हणावे, "घे ग, थोडी वाढ मलाही."